दंड आणि अरण्य : कल्पनारम्य भूमिकाखेळांतील वनसाधकाची काठी व मराठी परंपरेतील दंडकल्पना – एक तौलनिक समीक्षा

सारांश

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून रूढ झालेल्या कल्पनारम्य भूमिकाखेळांत निसर्गशक्तीचा साधक असलेल्या 'ड्रुइड' या पात्राच्या हाती मंत्रसिद्ध लाकडी काठी असते. प्रस्तुत लेखात या काठीची संहितेप्रमाणे चिकित्सा केली असून नाशिक परिसराशी निगडित असलेल्या व मराठी परंपरेत रुजलेल्या दंड, कुबडी व अजानवृक्ष या कल्पनांशी तिची तुलना केली आहे. खेळातील काठी अरण्याचे सामर्थ्य मोजता येण्याजोग्या साठ्यात रूपांतरित करते. मराठी परंपरेतील उत्तम उदाहरणांत मात्र सामर्थ्य वृक्षापाशीच राहते आणि काठी धारकाच्या संयमाची खूण ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्याचबरोबर परंपरेतील विषमता व जादूटोण्याचे वास्तव यांचीही दखल घेतली आहे.

बीजशब्द : दंड, वनसाधक, भूमिकाखेळ, शाबरी विद्या, अजानवृक्ष, दंडकारण्य.

प्रस्तावना

मराठीत 'दंड' हा शब्द एकाच वेळी अनेक अर्थ वाहतो. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे शिक्षा, दंड म्हणजे बाहू आणि दंड म्हणजे तालमीतला व्यायामही. हातात धरलेली लाकडाची काठी, ती धरणारा बाहू आणि तिच्या जोरावर चालणारी सत्ता ही तिन्ही एका शब्दात एकवटलेली आहेत. नाशिकच्या वाचकाला या शब्दाचा आणखी एक संदर्भ जवळचा आहे. परंपरेने पंचवटी ज्या अरण्यात मानली जाते ते दंडकारण्य. रामायणाच्या उत्तरकांडातील कथेप्रमाणे इक्ष्वाकूचा धाकटा पुत्र दंड याने शुक्राचार्यांची कन्या अरजा हिच्यावर बलात्कार केला. शुक्राचार्यांच्या शापाने सात दिवस धुळीचा वर्षाव होऊन त्याचे राज्य नष्ट झाले आणि तेथे अरण्य उभे राहिले. तपस्वी ज्या ठिकाणी जाऊन राहिले ते जनस्थान, आणि हेच नाशिकचे प्राचीन नाव मानले जाते. म्हणजे या भूमीच्या नामकथेतच सत्तेचा उन्माद, त्याची शिक्षा आणि त्यातून उभे राहिलेले अरण्य यांची सांगड आहे.

कल्पनारम्य भूमिकाखेळांतील वनसाधकाची काठी ही वरवर पाहता या संदर्भांपासून फार दूरची वस्तू आहे. परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कल्पनाविश्वात संगणकावरील व टेबलावरील अशा खेळांनी आज मोठी जागा व्यापली आहे. निसर्ग म्हणजे काय, त्याच्याकडून काय घ्यावे आणि कोणत्या अटीवर घ्यावे, याविषयीच्या काही धारणा हे खेळ नियमांच्या भाषेत शिकवीत असतात. कथेतील धारणा वाचकाने स्वीकारली नाही तरी कथा पुढे जाते. खेळातील नियम मात्र स्वीकारल्याशिवाय खेळताच येत नाही. म्हणून कादंबरीच्या प्रतिमासृष्टीइतकीच खेळाच्या नियमसृष्टीचीही समीक्षा होणे आवश्यक ठरते.

खेळातील काठी : स्वरूप व घडण

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. खेळाडूला 'ड्रुइड' ही भूमिका घेण्याची सोय १९७६ च्या 'एल्ड्रिच विझार्ड्री' या पुरवणीने करून दिली. हे नाव प्राचीन केल्टिक समाजातील पुरोहितवर्गाचे आहे. पांढऱ्या वस्त्रातील हे पुरोहित ओकच्या झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने मिसलटोचे बांडगूळ कापतात, हे वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने केले आहे. खेळातील ड्रुइडच्या साहित्यात मिसलटोची डहाळी, यू वृक्षाची छडी आणि लाकडी काठी यांचा समावेश होतो, त्यामागे हेच वर्णन उभे आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात आलेला 'शिलेली' हा मंत्रही याच जातीचा. शिलेली म्हणजे आयर्लंडमधील जाड सोटा. हा मंत्र म्हटला की ड्रुइडच्या हातातील साधे लाकूड प्रभावी शस्त्र बनते.

या शस्त्राच्या नियमात एक अर्थपूर्ण तपशील आहे. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीनुसार शिलेली मंत्राने भारलेली काठी चालवताना देहबळाऐवजी साधकाचे शहाणपण मोजले जाते, आणि काठी हातातून सुटली की मंत्र संपतो. बाहुबळाची जागा विवेकाने घ्यावी आणि सामर्थ्य वस्तूत न राहता धरण्याच्या क्रियेत राहावे, ही कल्पना मुळात उच्च प्रतीची आहे. प्रश्न उभा राहतो तो याच आवृत्तीतील 'स्टाफ ऑफ द वुडलँड्स' या वनकाठीपाशी.

ही वनकाठी फक्त ड्रुइडलाच सिद्ध करून घेता येते. तिच्यात दहा चार्ज असतात. प्राण्यांशी बोलायचे असल्यास एक, झाडांशी बोलायचे असल्यास तीन, झाडाला जागृत करून त्याला बुद्धी व गती द्यायची असल्यास पाच आणि काट्यांची भिंत उभारायची असल्यास सहा चार्ज खर्ची पडतात. रोज पहाटे फाशाच्या दानाप्रमाणे पाच ते दहा चार्ज परत मिळतात. शेवटचा चार्ज वापरला तर वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो आणि एक पडल्यास काठीचे सारे तेज जाऊन ती साधी काठी उरते. याखेरीज तिचा एक विलक्षण गुण सांगितला आहे. काठीचे टोक सुपीक जमिनीत रोवून एक चार्ज खर्च केला की तिचा साठ फूट उंचीचा, पाच फूट व्यासाच्या खोडाचा निरोगी वृक्ष होतो. साधकाने वृक्षाला स्पर्श करून आज्ञा उच्चारली की तो पुन्हा काठी होतो, आणि त्या वेळी वृक्षावर जो कोणी जीव असेल तो खाली पडतो.

नियमकर्त्याने हे शेवटचे वाक्य बहुधा झाडावर चढलेल्या शत्रूचा किंवा सोबत्याचा विचार करून लिहिले असावे. तरीही संपूर्ण वस्तूचे तत्त्वज्ञान त्यातच प्रकट झाले आहे. येथे वृक्ष ही काठीची एक अवस्था आहे. तो साधकाच्या सोयीने उभा राहतो आणि सोयीनेच मिटतो. त्याच्या फांद्यांवर कोणी घरटे बांधले असल्यास त्या घरट्याला नियमात स्थान नाही. अरण्याचे सामर्थ्य दहा या आकड्यात बसविले आहे, त्याचा दर ठरविला आहे आणि पहाट ही त्याच्या भरपाईची वेळ झाली आहे. झाडांशी बोलणे आणि काट्यांची भिंत उभारणे यांत जातीचा फरक उरत नाही, फरक उरतो तो केवळ किमतीचा.

यावर असा आक्षेप घेता येईल की कोणत्याही खेळाला हिशेब लागतोच. सारीपाटालाही सोंगट्या आणि दान लागते. हा आक्षेप योग्य आहे. आकडे आहेत म्हणून खेळ दोषी ठरत नाही. दोष असलाच तर तो आकडा कशावर बसविला आहे यात शोधावा लागेल. खुद्द याच खेळातील झाडाला जागृत करण्याचा मंत्र वेगळी शक्यता दाखवितो. त्या मंत्राने जागे झालेले झाड तीस दिवस साधकाला अनुकूल राहते. त्यानंतर अनुकूल राहावे की नाही हे ते झाड, आपल्याला कसे वागविले गेले यावरून, स्वतः ठरविते. येथे नियमाने वृक्षाला स्मृती आणि नकाराचा अधिकार दिला आहे. हिशेब ठेवूनही वृक्षाचे स्वत्व राखता येते याचा हा पुरावा खेळाच्या आतच आहे. वनकाठीने मात्र पाच चार्जांच्या मोबदल्यात तो मंत्रही आपल्या साठ्यात जमा करून घेतला आहे.

ब्रह्मदंड : फेकणारी नव्हे, झेलणारी काठी

भारतीय कथापरंपरेतील सर्वांत प्रभावी लाकडी काठी म्हणजे रामायणाच्या बालकांडातील वसिष्ठांचा ब्रह्मदंड. कामधेनूच्या हव्यासाने विश्वामित्र वसिष्ठांवर चालून येतो, पराभूत होतो, तप करून महादेवाकडून अस्त्रे मिळवितो आणि परतून आश्रम जाळतो. तेव्हा वसिष्ठ आपला दंड उचलून उभे राहतात. विश्वामित्र एकामागून एक अस्त्र सोडतो आणि तो दंड प्रत्येक अस्त्र गिळून टाकतो. अखेर ब्रह्मास्त्रही त्यात विरते. या प्रसंगात वसिष्ठांचा दंड एकदाही प्रहार करीत नाही. तो झेलतो, शोषून घेतो आणि शांत करतो. त्याच्या तेजाने भयभीत झालेले ऋषी वसिष्ठांना ते तेज आवरण्याची विनंती करतात आणि वसिष्ठ ती मानतात. क्षात्रबळाचा धिक्कार करून विश्वामित्र तपाच्या मार्गाला लागतो, म्हणजे शत्रूचा नाश न होता त्याच्यात परिवर्तनाचा आरंभ होतो.

खेळाच्या परिभाषेत सांगायचे तर या दंडाला चार्ज नाहीत. त्याचे सामर्थ्य खर्चाने कमी होत नाही, कारण ते साठविलेले नाही. ते धारकाच्या संयमाएवढे आहे. हाच अर्थ मुंजीतील दंडात साध्या रूपात दिसतो. मौंजीबंधनात बटूच्या हाती पळसाचा दंड दिला जातो आणि सोडमुंजीच्या वेळी तो ठेवून द्यावयाचा असतो. ब्रह्मचर्याश्रमाची बंधने आहेत तोवर काठी, बंधने संपली की काठीही संपली.

परंतु या परंपरेचे उदात्तीकरण करून थांबणे समीक्षेला शोभणारे नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात दंडाचे लाकूड वर्णाप्रमाणे वाटून दिले आहे. ब्राह्मणाला बेल किंवा पळस, क्षत्रियाला वड किंवा खैर, वैश्याला पिलू किंवा उंबर. दंडाची उंचीही ब्राह्मणाची केसांपर्यंत, क्षत्रियाची कपाळापर्यंत आणि वैश्याची नाकापर्यंत अशी उतरत जाते. शूद्रांचा आणि स्त्रियांचा या वाटणीत उल्लेखही नाही. वनकाठी फक्त ड्रुइडनेच सिद्ध करावी या खेळातील अटीवर टीका करताना हे विसरता येत नाही. खेळात भूमिका निवडता येते आणि पुढच्या डावात बदलताही येते. मनूच्या व्यवस्थेत ती जन्माने ठरत असे. निसर्गातील वस्तूवर मानवी उतरंड लादण्याचे काम आपल्याकडे खेळाच्या कितीतरी आधी आणि कितीतरी अधिक कठोरपणे झालेले आहे.

शाबरी विद्या आणि पाणी घातलेला वृक्ष

वर्णाच्या या चौकटीबाहेरचा वनसाधक मराठीत पाहायचा असेल तर नाथपंथाकडे वळावे लागते. धुंडीसुत मालू यांचा 'नवनाथ भक्तिसार' हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मधील. आजही महाराष्ट्रात घरोघर त्याचे पारायण होते. मराठी विद्यापीठीय समीक्षेने मात्र या ग्रंथाकडे प्रायः भाविकांची पोथी म्हणूनच पाहिले. वास्तविक अस्त्रे, मंत्र, रूपांतरे, प्रवास आणि द्वंद्वे यांनी भरलेला हा ग्रंथ मराठीतील कल्पनारम्य कथनाचा एक महत्त्वाचा ठेवा आहे.

त्यात मच्छिंद्रनाथांना मंत्रविद्या प्राप्त होण्याचा प्रसंग नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगीशी जोडलेला आहे. लोकांच्या उपयोगी पडेल अशी शाबरी विद्या रचावी या इच्छेने ते अंबेची आराधना करतात. देवी त्यांना एका पर्वतावरील नागाश्वत्थ वृक्षाकडे नेते. त्या वृक्षावर देवतांचा वास आहे. त्यांना प्रसन्न करून घेण्यासाठी नाथांना कुंडांचा शोध घ्यावा लागतो. जवळची वेल कुंडात टाकत जायची आणि जेथे ती सजीव होईल ते कुंड खरे समजायचे. तेथे स्नान करून, तेथील पाणी आणून त्या वृक्षाला घालायचे, आणि हे एकदा नव्हे तर पुनःपुन्हा करायचे. तेव्हा एकेक देवता वश होते आणि मंत्रांचे काव्य सिद्ध होते.

तुलनेच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. येथेही निसर्गातून सामर्थ्य मिळते, पण वृक्षाची फांदी तोडून तिची काठी केली जात नाही. वृक्ष जेथे आहे तेथेच राहतो, साधक येरझाऱ्या घालतो. घेण्याआधी घालावे लागते, आणि घालावे लागते ते पाणी. मिळालेले सामर्थ्यही वस्तूच्या रूपात नसून शब्दाच्या रूपात आहे. 'शाबरी' या नावाचा संबंध शबर या वनवासी समाजाशी लावला जातो आणि शाबरी मंत्रांची भाषा संस्कृत नसून लोकांच्या बोलीची आहे. अरण्याची विद्या अरण्यात राहणाऱ्यांच्या बोलीत असणे हे स्वाभाविकच आहे. खेळात ड्रुइडांना एक गुप्त भाषा दिलेली आहे, जी इतरांना कळत नाही. नाथांच्या कथेत उद्देश नेमका उलट आहे, विद्या लोकभाषेत उतरविण्याचा.

कुबडी : आधार आणि शस्त्र

नाथपंथी साधूच्या वेषात शैली, शृंगी, मुद्रा, कंथा आणि झोळी यांच्याबरोबर कुबडी येते. कुबडी म्हणजे वरच्या टोकाला आडवा टेका असलेली आखूड काठी. तिचा उपयोग योगसाधनेत होतो. काखेत टेकवून बसल्यास त्या दाबाने एका नाकपुडीतील श्वास दुसरीकडे वळविता येतो, म्हणून तिला योगदंड असेही म्हणतात. अरण्याला आज्ञा देणाऱ्या काठीपेक्षा स्वतःच्या श्वासाला वळण लावणारी ही काठी वेगळ्या जातीची आहे. तिचे कार्यक्षेत्र धारकाचा देह एवढेच आहे.

समर्थ रामदासांच्या चित्रांतही कुबडी दिसते. नाशिकजवळ टाकळी येथे समर्थांनी बारा वर्षे तप केले अशी परंपरा आहे. सज्जनगडावर समर्थांची म्हणून जतन केलेली कुबडी पाहावयास मिळते आणि तिच्या आत गुप्ती आहे. आधाराच्या लाकडात शस्त्र दडविण्याची ही कल्पना जगभर आढळते. टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ मधील कादंबरीत राजा थिओडेनच्या दारावर शस्त्रे ठेवून घेतली जातात तेव्हा गँडाल्फ आपली काठी म्हाताऱ्याचा आधार म्हणून आत नेतो. द्वारपालाला तिच्यातील सामर्थ्याची शंका आहे, तरीही तो ती जाऊ देतो. लाकडी काठीचे द्वैत या ठिकाणी स्पष्ट होते. ती दुबळ्याची सोबतीण आहे आणि सबळाचे शस्त्रही. कोणत्या हातात ती काय होईल हे लाकूड सांगत नाही. या द्वैतामुळेच ती साहित्यात तलवारीपेक्षा अधिक अर्थगर्भ ठरते. खेळाने मात्र तिच्या आधारपणाची बाजू जवळजवळ सोडून दिली आहे. वनकाठीच्या वर्णनात हल्ल्यावरची व इजेवरची वाढ दोन अशी नोंदली आहे. थकलेल्या साधकाने तिच्यावर भार टाकल्यास काय होते याची नोंद नाही.

अजानवृक्ष : काठीचे झाड होणे

वनकाठी जमिनीत रोवली की वृक्ष होते, या कल्पनेला मराठी परंपरेत जे समांतर उदाहरण आहे ते आळंदीचा अजानवृक्ष होय. त्याचा धागा पुन्हा नाशिक जिल्ह्यापर्यंत येतो. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या परिक्रमेत वाघाच्या भयाने वाट चुकलेल्या निवृत्तिनाथांना गहिनीनाथांची भेट झाली आणि त्यांच्याकडून नाथपरंपरा ज्ञानेश्वरांकडे आली, असे चरित्रकथा सांगते. अरण्यात हरवणे हाच या परंपरेचा आरंभ आहे. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्या वेळी त्यांच्या दंडाची समाधीसमोर स्थापना झाली आणि त्याचाच अजानवृक्ष झाला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. वनस्पतिशास्त्रात हा वृक्ष एहरेशिया लेविस या नावाने ओळखला जातो आणि महाराष्ट्रात काही भागांत त्याला दातरंग म्हणतात. म्हणजे तो कल्पनेतला वृक्ष नाही. त्याला पाने, फुले, फळे येतात आणि त्याची रोपेही करता येतात.

या कथेचा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावणारा आहे. सुमारे तीनशे वर्षांनी एकनाथांना दृष्टान्त झाला की अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढावी. एकनाथ आळंदीस गेले, समाधीचा शोध घेऊन ती मुळी त्यांनी दूर केली आणि त्यानंतर शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे काम पूर्ण केले. काठीचा झालेला वृक्ष या कथेत पुन्हा काठी होत नाही. तो वाढतो आणि त्याची मुळे आपल्या वाटेने जातात. ज्या हाताने त्याला रोवले त्याच्या कंठापर्यंत ती पोहोचतात, आणि त्या मुळांना आवरण्यासाठी स्वतः ज्ञानेश्वर आज्ञा उच्चारीत नाहीत. त्यांना दुसऱ्या माणसाला विनंती करावी लागते, आणि तीही तीन शतकांनंतर. विनंती मुळीपुरती आहे, वृक्ष तोडण्याची नाही.

वनकाठी आणि अजानवृक्ष यांतील भेद येथे पूर्णपणे उलगडतो. खेळात वृक्षत्व परत घेता येते. आळंदीच्या कथेत ते एकदा दिले की दिले. खेळातील वृक्ष साधकाची मालमत्ता म्हणून उभा राहतो. अजानवृक्ष आपल्या दात्यालाही अडचणीचा ठरू शकतो, आणि तो तसा ठरू शकतो यातच त्याचे जिवंतपण आहे. कंठाला लागलेली मुळी काढल्यावर एकनाथांच्या हातून ग्रंथाची शुद्धी झाली, या क्रमालाही अर्थ आहे. वृक्षाशी नाते राखायचे तर वेळोवेळी काळजीने मुळे मोकळी करावी लागतात, आणि संहितेशी नाते राखायचे तर तीच काळजी पाठांच्या बाबतीत घ्यावी लागते. समीक्षेच्या दृष्टीने यापेक्षा समर्पक दृष्टान्त मराठी परंपरेत क्वचितच सापडेल.

माणसांचे अरण्य

या तुलनेतून परंपरा श्रेष्ठ आणि खेळ कनिष्ठ असा सरळ निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की पाश्चात्त्य वाचकासाठी जादू ही बहुतांशी मृत श्रद्धा आहे, म्हणून तो तिच्याशी निर्धास्तपणे खेळू शकतो. महाराष्ट्रात तशी स्थिती नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याची प्रकरणे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार उजेडात आणली आहेत. अशा समाजात मंत्र आणि काठी यांची प्रतिमा निरागस राहू शकत नाही. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबक तालुक्यांतील भगताला 'आपला ड्रुइड' म्हणून सादर करण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे. भगताकडे वनौषधींचे अनुभवसिद्ध ज्ञान असू शकते आणि त्याच्या शब्दाने एखाद्या स्त्रीचे जगणे उद्ध्वस्तही होऊ शकते. भूमिकाखेळाच्या वेषात त्याला बसविले की या दोन्ही गोष्टी अदृश्य होतात.

दुसरे कारण अरण्याच्या मालकीशी संबंधित आहे. खेळातील ड्रुइडचे अरण्य प्रायः निर्मनुष्य असते. तो त्याचा एकाकी रक्षक असतो आणि माणूस तेथे येतो तो बहुधा कुऱ्हाड घेऊन. दंडकारण्य मात्र असे कधीच नव्हते. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल समाज पिढ्यान्‌पिढ्या अरण्यात राहत आले. त्यांच्या वहिवाटीला कायद्याची मान्यता मिळण्यासाठी २००६ चा वनाधिकार कायदा यावा लागला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. अरण्याचा रक्षक आणि अरण्याचा रहिवासी यांना वेगळे काढणारी कल्पना, मग ती खेळातील असो वा वनखात्याच्या जुन्या धोरणातील, या अनुभवापुढे अपुरी पडते. सह्याद्रीतील देवरायांची प्रथा या बाबतीत अधिक शहाणी आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत पडलेले लाकूडही उचलू नये असा दंडक असे. राईचे रक्षण एकट्या साधकाकडे नसून साऱ्या गावाकडे असे, आणि राखण करणारी कोणतीही जादूची काठी नसून न उचललेली काठी हीच राखणीची खूण होती. येथे 'दंडक' हा शब्द नियम या अर्थाने येतो, हेही लक्षणीय आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. भूमिकाखेळातील वनकाठी ही निसर्गाविषयीच्या एका विशिष्ट धारणेचे नियमबद्ध रूप आहे. त्या धारणेनुसार अरण्य हा साठा आहे, त्याचा खर्च मोजता येतो आणि भरपाई आपोआप होते.

२. ब्रह्मदंड, नागाश्वत्थाची कथा, योगदंड आणि अजानवृक्ष यांत सामर्थ्याचे स्थान वेगळे आहे. ते अनुक्रमे संयमात, वृक्षात, श्वासात आणि परत न घेता येणाऱ्या दानात आहे.

३. ही परंपरा निर्दोष नाही. दंडाच्या लाकडाची वर्णवार वाटणी आणि मंत्रसामर्थ्याच्या नावाने होणारे शोषण यांची चिकित्सा केल्याशिवाय तिचा आधार घेता येणार नाही.

४. खेळाच्या आतही पर्यायी दृष्टीची बीजे आहेत. हातातून सुटताच विरणारा मंत्र आणि नकार देऊ शकणारे जागृत झाड ही त्याची उदाहरणे होत. मराठीत असे खेळ व कथा रचल्या जातील तेव्हा या बीजांना 'नवनाथ भक्तिसार' व अजानवृक्षकथा यांची जोड देता येईल.

या प्रश्नाचे स्वरूप केवळ वाङ्मयीन नाही. २०२५ च्या अखेरीस आगामी सिंहस्थ कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नागरिकांनी त्यास तीव्र विरोध केला. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात अन्यत्र तितकी किंवा त्याहून अधिक रोपे लावता येतात, हा युक्तिवाद अशा प्रत्येक प्रसंगी केला जातो. त्यामागील गृहीतक वनकाठीचेच आहे : झाड ही एक संख्या आहे, खर्ची पडलेली संख्या उद्या पहाटे भरून निघेल, आणि झाड मिटताना त्यावर जे कोणी असतील ते खाली पडतील एवढेच. ज्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी दंडी संन्यासी हाती दंड घेऊन स्नानाला येतात त्याच सिंहस्थाच्या निमित्ताने हा वाद उभा राहावा, यातील विसंगती मराठीच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगी आहे. आळंदीच्या कथेत दंड वृक्षाला वाट करून देतो. तपोवनात वृक्षांनी दंडासाठी वाट करून द्यावी अशी अपेक्षा धरली गेली. या दोहोंपैकी कोणता अर्थ पुढील पिढीच्या कल्पनेत रुजेल, हे तिला कोणत्या कथा सांगितल्या जातात यावर जितके अवलंबून आहे, तितकेच ती कोणत्या नियमांनी खेळते यावरही अवलंबून राहील.